लिस्बनला येताय? आधी गुडघ्यांचं बोलू

आमच्याकडे पोर्तुगालात, लिस्बनला पाहुणे यायचे ठरले की पहिला फोन व्हिसाचा येतो, दुसरा थंडीचा. गुडघ्यांबद्दल कोणीच विचारत नाही. मी मात्र विषय तिथूनच काढते. हे शहर टेकड्यांवर आहे आणि मोबाइलवरचा नकाशा चढ दाखवत नाही. समोरच्या गल्लीत म्हणून निघावं, तर मध्ये पायऱ्यांची उभी रांग.

बूट रबरी तळव्याचे आणि पायात रुळलेले आणा. इथले फुटपाथ चुनखडीच्या पांढऱ्या-काळ्या चौकोनी खड्यांचे आहेत. दिसायला देखणे, पण लोकांच्या पायांनी इतके गुळगुळीत झालेत की चार थेंब पडले तरी पाय सटकतो. साताऱ्याची माझी आत्या अजिंक्यतारा चपलेवर चढून येते, पण इथे दुसऱ्याच दिवशी तिला बूट घ्यायला लावले.

मुक्कामासाठी बायशा हा सखल भाग बरा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात तो पार कोसळला. नंतर पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली सरळ रस्ते आखून तो नव्याने उभारला, म्हणून तिथे वाट चुकत नाही. शेजारचा अल्फामा बराचसा वाचला, म्हणून तिथे अजून बोळांचं जुनं जाळं आहे. भाड्याची खोली अल्फामात स्वस्त मिळाली तर ‘लिफ्ट आहे का आणि टॅक्सी दारापर्यंत येते का’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आता खरी युक्ती. चढ शक्यतो यंत्राच्या जिवावर चढायचा. सेंट जॉर्जच्या किल्ल्यावर जायचंय? बायशातल्या रुआ दोस फांकेरोस या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. फुकट. ती तुम्हाला वरच्या रुआ दा मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून थोडं पुढे शाँव दो लोरेरो नावाची इमारत, खाली सुपरमार्केट, वर गाड्यांचं पार्किंग. तिच्या लिफ्टने वरच्या मजल्यावर गेलात की किल्ल्याचा निम्म्याहून जास्त चढ संपलेला असतो. हातात भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारच्या आज्याही याच लिफ्टने घरी जातात. ज्यांना उतरतानाच गुडघे बोलतात त्यांनी प्रासा दा फिगेरा चौकातून 737 नंबरची बस धरावी. ती किल्ल्यापर्यंत जाते आणि परतही आणते. वर मोर मोकळे फिरतात, लहान मुलं तिथेच रमतात.

सांता जुस्ता या 1902 सालच्या लोखंडी लिफ्टसमोर मोठी रांग असते. तिच्यात तास घालवू नका. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियादोच्या दाराने बाहेर पडा, टेकडी चढून झाली. तिथून जवळच कार्मोचं चर्च आहे. भूकंपात छप्पर गेलं ते गेलंच. कमानी उभ्या आणि वर आभाळ.

28 नंबरच्या पिवळ्या ट्रामचं वेड सगळ्यांना असतं. बसा जरूर, पण सकाळी लवकर, मार्तिम मोनीश चौकातल्या पहिल्या स्टॉपवरून. दहानंतर तिच्यात दादर लोकलची गर्दी असते आणि खिसेकापूंची चांदी. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, मोबाइल मागच्या खिशात नको. तिकीट ट्राममध्ये काढलं तर महाग पडतं. मेट्रो स्टेशनातल्या मशिनवर नवेगांते कार्ड घेऊन त्यावर चोवीस तासांचा पास भरा. कार्ड माणशी एक लागतं, नवरा-बायकोत एक चालत नाही.

बायशात भर दुपारी कोणी कानाशी येऊन ‘चरस’ पुटपुटेल. बहुधा ते चरसही नसतं. उत्तर न देता चालत राहायचं.

नदीकाठच्या बेलें भागात सोमवारी जाऊ नका, जेरोनिमोस मठ बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. गोव्याहून आलेले पाहुणे तिच्यापुढे जरा वेगळ्या चेहऱ्याने उभे राहतात, हे मी पाहिलंय. जवळच 1837 पासून चालणारं पास्तेइश दे बेलें हे दुकान. बाहेरची रांग पाहून परतू नका. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा बहुतेक मिळते. तिथली कस्टर्ड भरलेली पेस्ट्रीची वाटी गरम असतानाच दालचिनी भुरभुरवून खायची. तिच्यात अंडं असतं, हे घरच्या शाकाहारींना आधी सांगा.

खाण्याचं म्हणाल तर हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात सॉसेजचे काप पोहत असतात. ‘सें कार्ने, सें पेइशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे पाठ करून ठेवा. कॅफेच्या काचेमागे समोसा दिसेल. गोव्याहून आणि मोझांबिकहून आलेल्या लोकांबरोबर तो इथे रुळलाय, नाव शमूसा, आत बहुधा खिमा. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. जूनमध्ये 12 तारखेच्या रात्री, सेंट अँथनीच्या सणाला, अल्फामात दारोदार शेगड्यांवर सार्डिन भाजतात. त्या रात्री झोपायची खोली तिथे नको.

मसाले, डाळी, मॅगी लागली तर मार्तिम मोनीशच्या आसपास आपली दुकानं आहेत. दुधाचा चहा बाहेर मिळेल अशी आशा ठेवू नका. उंच ग्लासातली दूध घातलेली कॉफी, गालाँव, तिच्यावर भागवा.

संध्याकाळी पाय बोलायला लागले की काइश दो सोद्रे धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासिल्यासची बोट पकडा. दहाएक मिनिटांचा प्रवास, तेच कार्ड चालतं, फक्त त्यात आधी पैसे भरून ठेवावे लागतात. ट्रामचा पास बोटीला चालेलच असं नाही, मशिनवर नीट निवडा. परतीच्या बोटीत शहराच्या बाजूची खिडकी धरा. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवून गेलात तरी उजेड असतो.