चक्कर आणि कानाच्या तपासण्या: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

"कानाची टेस्ट नॉर्मल आली, मग मला चक्कर येतेच कशी?" असं पेशंट विचारतात तेव्हा मी आधी विचारते, कोणती टेस्ट? बहुतेकांना नाव सांगता येत नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रत्येक आतल्या कानात तोल सांभाळणारे पाच अवयव असतात: तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या. या पाचही जणांची हजेरी घेणारी एकच तपासणी नाही. कॅलोरिक तपासणीत कानात 30 आणि 44 अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात आणि त्याने डोळे किती हलतात ते बघतात. त्यात फक्त आडवी नलिका कळते, तीही अगदी संथ हालचालीपुरती. व्हीएचआयटीमध्ये (व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्ट) कॅमेऱ्याचा गॉगल लावून डोकं झटकन फिरवतात आणि नजर जागेवर टिकते का ते बघतात. तिथे दोन्ही कानांच्या मिळून सहाही नलिका तपासता येतात, पण वेगवान हालचालीला. म्हणून मेनिएरच्या आजारात (आतल्या कानाचा आजार, यात चक्करेचे झटके येतात आणि ऐकू कमी येतं) कॅलोरिकमध्ये एक कान कमजोर आणि व्हीएचआयटी नॉर्मल, असं पुष्कळदा दिसतं. अशा वेळी मशीनला दोष देऊन एक रिपोर्ट बाजूला टाकू नका. निदानाचा धागा त्या तफावतीतच सापडतो.

पिशव्यांसाठी व्हेम्प ही तपासणी वेगळी करावी लागते. त्यात कानात मोठा आवाज देऊन मानेच्या किंवा डोळ्याच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजतात. मानेवरून घेताना पेशंटने मान नीट ताणून धरलीच नाही, तर आलेख सपाट येतो आणि चांगल्या कानावर शिक्का बसतो. मधल्या कानात पाणी असलं तरी आवाज आत पोचत नाही, आणि साठीनंतर निरोगी माणसातही प्रतिसाद हरवू शकतो.

आता करण्यातल्या चुका. कॅलोरिकआधी कानातला मळ काढायलाच हवा, आणि कानाच्या पडद्याला भोक असेल तर पाणी मुळीच नको. पेशंटचं मन जागं ठेवणं याकडे फार दुर्लक्ष होतं. मागे एक आजी अंधाऱ्या खोलीत, गॉगलच्या आत डोळे उघडे ठेवून गुपचूप पडून होत्या. कानात पाणी सोडूनही मशीनच्या स्क्रीनवर डोळ्यांची हालचाल जेमतेम दिसत होती. "आजी, सतराचा पाढा म्हणा," म्हटलं. "सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..." आणि स्क्रीनवर डोळ्यांच्या हालचालीच्या दातेरी लाटा उठल्या. पाढा म्हटला नसता तर कान निकामी ठरला असता.

व्हीएचआयटीत गॉगलचा पट्टा सैल राहिला किंवा तपासणाऱ्याचा हात पट्ट्याला लागला, की आकडे खोटे येतात. चक्करेच्या काही गोळ्याही रिपोर्ट बिघडवतात. कोणती, किती आधी थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका.

कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल, तर महागड्या तपासण्यांआधी डिक्स-हॉलपाइक करून घ्या, म्हणजे डोकं एका बाजूला वळवून पटकन आडवं करून डोळे बघण्याची चाचणी. 1952 पासूनची ही पद्धत, लागतो तो एक पलंग. आतल्या कानातले बारीक खडे सरकल्याने येणाऱ्या चक्करेत बाकीचे रिपोर्ट बऱ्याचदा स्वच्छ असतात.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. तासन् तास न थांबणारी चक्कर आहे, डोळे आपोआप हलताहेत, आणि डोकं झटक्याने फिरवल्यावर नजर जागेवरच टिकते. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण अशा पेशंटमध्ये ही 'नॉर्मल' चाचणी म्हणजे दोष कानात नसावा, आणि ती मेंदूतल्या झटक्याकडे (स्ट्रोककडे) बोट दाखवते. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येही तो कधीकधी निसटतो. त्या माणसाला घरी पाठवू नका.