आईशिवायचा नाताळ कसा करावा

आई गेली त्या वर्षी आम्ही फुगे, म्हणजे नाताळला करतात ते मैद्याचे तळलेले गोळे, केलेच नाहीत. दिवसभर घर नुसतं गप्प. तसं करू नका, तिचं काम वाटून घ्या.

२४ डिसेंबरला मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट, थोडी साखर-मीठ घालून पीठ सैलसर भिजवा, फुगेपर्यंत झाकून ठेवा. मूठ आवळून अंगठ्याजवळून गोळा गरम तेलात सोडा. पहिले वाकडे होतात, आमचे अजूनही होतात. तळायला पप्पांना घ्या. हात गुंतले की ते आपणहून तिच्याबद्दल बोलू लागतात. कुणाला रडू आलं तर गॅस बंद करून जवळ बसा.

मिस्साला आम्ही ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जातो, तिच्या नावाची मेणबत्ती लावतो. जेवताना तिची खुर्ची रिकामी ठेवत नाही. तिथे धाकटी भाची बसते.