बीपीएड करायचंय? आधी कॉलेजच्या टीममधून एकदा तरी खेळून घ्या

डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपल्या भागातली पोरं विचारत असतात, बीपीएडला, म्हणजे शाळेत पीटी शिक्षक व्हायच्या डिग्रीला, फिटनेस किती लागतो, फी किती, उंची बघतात काय. ते सगळं नंतर. आधी हे सांगा, कॉलेजच्या टीममधून खेळलाय काय? आणि खेळला असाल तर सर्टिफिकेट हातात आहे काय, का नुसतं "सर देतो म्हणालेत" आहे?

एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझं अख्खं एक वर्ष ह्याच्यातच गेलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं खेळायला मिळत नाही असं काही नाही, उलट पाऊस संपला की मे महिन्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात मंडळाची कबड्डी नाहीतर यात्रेतलं कुस्तीचं मैदान असतंयच. मी गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचो. कॉलेजची प्रॅक्टिस संध्याकाळी आणि गावाकडची शेवटची बस त्याच वेळेला, त्यामुळं कॉलेजच्या टीमचा विषयच नव्हता. कप, ढाली, मंडळाचा गोल शिक्का मारलेली सर्टिफिकेटं, फाइल नुसती फुगली होती. ती घेऊन ॲडमिशनला गेलो तर टेबलापलीकडच्या माणसानं एकेक कागद बघून उलटा ठेवला आणि शेवटी फाइल माझ्याकडं सरकवली. एकही चालत नव्हतं.

आता नीट वाचा. एनसीटीई, म्हणजे शिक्षकांच्या कोर्सचे नियम ठरवणारी केंद्राची परिषद, तिच्या २०१४ च्या नियमात बीपीएडला कुठलीही डिग्री ५० टक्क्यांनी, आणि त्याच्यासोबत इंटर-कॉलेज, इंटर-झोनल, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. ती स्पर्धा पण मान्यतेची पाहिजे, म्हणजे विद्यापीठांची संघटना, ऑलिंपिक असोसिएशन, स्कूल गेम्स फेडरेशन नाहीतर केंद्र सरकार ह्यांच्या मान्यतेतली. राज्य पातळीवर खेळलेल्याला किंवा इंटर-कॉलेजला पहिल्या तिनात आलेल्याला ४५ टक्क्यांवर पण वाट आहे. लक्षात घ्या, पहिल्या वाटेला जिंकायची अट नाही, नुसता भाग घ्यायचा. म्हणजे गावोगावी बेस्ट रेडर झालेला बाहेर बसतो आणि झोनलला पहिल्याच मॅचला हरून त्याच बसनं परत आलेला आत जातो. मला पण हे अन्यायाचं वाटलं होतं, अजून थोडं वाटतंय, पण नियम तो नियम.

म्हणून डिग्रीच्या पहिल्याच वर्षी पीडी सरांना, म्हणजे कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टरना, जाऊन भेटा. टीममध्ये बारावा-तेरावा म्हणून का होईना नाव घाला. मॅच संपली म्हणजे काम संपलं असं समजू नका, सर्टिफिकेट विद्यापीठातून यायला वेळ लागतो, ते कॉलेजच्या कपाटात पडून राहतंय आणि पीडी सरांची बदली झाली की मग कुणाला काही माहीत नसतं. हातात आलं की तिथंच उभं राहून नाव वाचा. आपल्याकडं हा घोळ फार, मार्क्स कार्डावर इनिशियल शेवटी, सर्टिफिकेटवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. एका अक्षरावरून मागं पाठवतात. हायस्कूलला असताना तालुका-जिल्ह्याला खेळला असाल तर जुन्या पीटी सरांकडं जाऊन तो कागद पण शोधा, शालेय स्पर्धा चालते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतंय.

आणि ज्यांची डिग्री संपलीय त्यांनी घाबरून जाऊ नका. मी पुढच्या सीझनला जिल्हा संघटनेकडून मान्यतेच्या स्पर्धेत उतरलो आणि त्यावर ॲडमिशन झालं. फक्त एंट्री फी भरायच्या आधी विचारा, ही स्पर्धा कुणाच्या मान्यतेची, सर्टिफिकेटवर कुणाची सही. उत्तर गोल गोल आलं तर ती स्पर्धा आवडीनं खेळा पण ॲडमिशनसाठी धरू नका.

कोर्स दोन वर्षांचा, चार सेमिस्टर. मराठी मीडियमच्या पोरांना मैदान जड जात नाही, थिअरी जाते. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, टेस्ट अँड मेजरमेंट, सगळं इंग्लिश नाहीतर कन्नडमधून. पहिल्या महिन्यात मला वर्गात बसलं की घाम यायचा. मग मी स्नायूंची नावं स्वतःच्या अंगावर बोट ठेवून पाठ करायला लागलो, बैठक मारताना क्वाड्रिसेप्स कुठं ताठ होतो, चवड्यावर उभं राहिलं की पोटरीतला गॅस्ट्रोक्नेमियस कसा वर सरकतो. सीनियरची पीडीएफ घोकणाऱ्यांपेक्षा हे जास्त टिकतंय. पीडीएफच्या मी विरोधातच आहे, चुकीच्या आकड्यासकट बॅचमागून बॅच तीच फिरत असते.

प्रॅक्टिकलला पोरं अडकतात ती ट्रॅक मार्किंगमध्ये. ४०० मीटरच्या ट्रॅकची त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ बाजू ८४.३९ मीटर, लेन १.२२ मीटरची, हे सगळ्यांना पाठ असतंय. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सर विचारतात दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनवाल्याला सुरुवातीला जेवढं पुढं उभं करतात ते अंतर, ७.०४ मीटर कसं आलं, तिथं गप्प. पहिल्या लेनच्या आतल्या बाजूला उंच कर्ब, म्हणजे उचललेली कडा, असते, म्हणून पळणारा त्याच्यापासून ३० सेंटीमीटरवरून पळतो असं धरतात. बाकीच्या लेनना नुसती रेघ, तिथं २० सेंटीमीटर. म्हणजे दुसऱ्या लेनमधला १.२२ नाही तर १.१२ मीटरच बाहेरून पळतो, त्याला दोन पायनं (२π) गुणा, झालं ७.०४. तिसऱ्याला १४.७०. आता आपल्या गावच्या शाळेच्या मैदानावर कर्ब कुठला आलाय? तिथं फक्कीची रेघच, मग पहिल्या लेनला पण २० च धरायचं आणि दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.६७ होतो. हे एवढं सांगितलं की परीक्षक पुढं विचारत नाहीत. त्रिज्या फिरवायला सुतळी घेऊ नका, ती ताणली जाते आणि अर्ध्या वळणात रेघ बाहेर सरकलेली असते. तार घ्या नाहीतर स्टील टेप, आणि मधली खुंटी हलत नाही ना ते एकानं धरून बघत राहायचं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. शनिवार-रविवारच्या फिटनेस सर्टिफिकेटवर शाळेत पीटी शिक्षक होता येतं असं कुणी सांगत असेल तर उठून या तिथून. शाळेला बीपीएड. कोच व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा, तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा आणि वर्षाचा डिप्लोमा वेगळा, दोन्ही एकच समजू नका. जिममध्ये नोकरीला खाजगी सर्टिफिकेट चालतंय, वाईट नाही, पण ते तेवढ्यापुरतंच. आणि जिममधला जो कोणी "एक सायकल मार, तीन महिन्यात बॉडी" म्हणतो, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स घ्यायला सांगतो, त्याला गुरू मानू नका, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतंय.

वस्ताद मात्र सोडू नका. तालमीतल्या वस्तादांना बायोमेकॅनिक्स हा शब्द माहीत नसेल, पण पोरगं कुठल्या पायावर वजन टाकतंय ते त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. कॉलेजात कारण शिकायचं आणि तालमीत नजर. माझ्या प्रॅक्टिस लेसनला पहिल्यांदा चांगला शेरा मिळाला तो वस्तादांनी सांगितलेल्या एका गोष्टीमुळं, पोरांचं तोंड उन्हाकडं करून उभं करू नकोस, डोळे मिचकावणारं पोरगं तुझं काही बघत नाही.

कन्नड लिहायला-वाचायला पहिल्या सेमिस्टरपासूनच घ्या, इथं सरकारी शाळेत लागायचं असेल तर त्याच्याशिवाय भागत नाही, बोलता येतंय म्हणून निवांत राहू नका. आणि पुढं एमपीएड, नेट किंवा केसेट (कॉलेजात शिकवायची देशाची आणि कर्नाटकाची पात्रता परीक्षा) करून कॉलेजला फिजिकल डायरेक्टर व्हायचं डोक्यात असेल तर पळणं बंद करू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात तिथं पण फिटनेस टेस्ट आहे, तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर आणि पोरींना ८ मिनिटांत १००० मीटर. रोज पळणाऱ्याला अवघड नाही, अभ्यासाच्या नावाखाली दोन वर्षं खुर्चीत बसलेल्याला आहे.