न्यू जर्सीच्या परसात ॲस्परॅगस कसा लावावा

जागा भरपूर उन्हाची आणि निचऱ्याची हवी. वाफा १५-२० वर्षं तिथून हलत नाही, म्हणून तो परसाच्या कडेला ठेवा. बियांच्या भानगडीत पडू नका. एप्रिलमध्ये एक वर्षाचे गड्डे, म्हणजे क्राउन, आणा. जात शोधायला लांब जायला नको. इथल्याच रटगर्स विद्यापीठाने काढलेली ‘जर्सी नाइट’ किंवा ‘जर्सी जायंट’ घ्या. या नर झाडांच्या जाती. मादी झाडांची ताकद फळं धरण्यात जाते आणि खाली पडलेल्या बियांची रोपं आपण उपटत बसतो.

६ ते ८ इंच खोल चर, तळाशी कंपोस्ट, सव्वा-दीड फुटावर गड्डे, डोळे वर, मुळं चहूकडे पसरून. वर दोन इंच माती. बाकीची कोंब वाढतील तशी. वाफ्यात मीठ घालायचा जुना सल्ला अजून फिरतो. घालू नका! तण मरतं, पण मातीही बिघडते.

इथपर्यंत कुणालाही जमतं. वाफा हातचा जातो तो कापणीत.

वसंतातले कोंब मुळांत साठलेल्या गेल्या वर्षीच्या अन्नावर येतात. ते अन्न पुन्हा भरतं कापणीनंतर वाढणाऱ्या, शेपूसारख्या हिरव्या पिसाऱ्यामुळे. म्हणून पहिल्या वर्षी एकही कोंब तोडायचा नाही. दुसऱ्या वर्षी फार तर दोन आठवडे, तिसऱ्या वर्षी महिनाभर, पुढे सहा ते आठ आठवडे. ‘थोडे तोडले तर काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. भारतातून आई-बाबा आलेले असतात, परसातली ताजी भाजी त्यांना खाऊ घालावीशी वाटते, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी पहिली दोन वर्षं त्यांच्यासाठी दुकानातून जुडी आणा.

थांबायचं कधी, हे कॅलेंडरपेक्षा कोंब नेमकं सांगतात. नवे कोंब बहुतेक पेन्सिलीहून बारीक निघू लागले की त्याच दिवशी तोडणी बंद, मग मे महिना संपलेला असो वा नसो. त्या बारीक कोंबांवर डोळा ठेवलात तर पुढच्या वर्षी सगळेच बारीक येतील.

तोडायचा कोंब सात-आठ इंचांचा, शेंड्यावरचे खवले घट्ट मिटलेले. उकाड्यात तो दिवसात काही इंच वाढतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ फेरी मारा; खवले सुटले की बुडखा चिवट झालाच. हाताने वाकवून मोडा. सुरी मातीत खुपसली की शेजारचे अजून वर न आलेले कोंब कापले जातात. कोंबावर काळी, उभी चिकटलेली बारीक अंडी दिसली तर ती ॲस्परॅगसच्या भुंग्याची, अंगठ्याने चिरडा.

पिसारा हिरवा असेतो छाटू नका, कितीही लोळला तरी. तो पूर्ण वाळला की जमिनीलगत कापा आणि कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको, त्या पोकळ काड्यांत भुंगे हिवाळा काढतात.