बुलडॉगच्या पाठीवर मांजराचं पिल्लू : वीस सेकंदांचं कार्टून हाताने काढताना

टॉम आणि जेरीसारख्या ठोकाठोकीपासून सुरुवात करावी असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. करू नका. पाठलागात चित्रं भराभर संपतात, पार्श्वभूमी सरकवत राहावी लागते आणि चूक नेमकी कुठे झाली ते वेगात कळतच नाही. मोठं जनावर छोट्याला घाबरवायला जातं आणि स्वतःच विरघळतं, हा प्रसंग मात्र एका जागी बसून होतो. वैरही त्यात येतं, लळाही.

याचा नमुना हवा तर चक जोन्स यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेलं ‘फीड द किटी’ (१९५२) काढून बसा. मार्क अँथनी नावाचा बुलडॉग एवढ्याशा पिल्लावर जीव खाऊन भुंकतो आणि पिल्लू ढिम्म. ते त्याच्या पाठीवर चढतं, पंजांनी पाठ मळतं आणि तिथेच मुटकुळं करून झोपतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ ही की दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे जातं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाच्या कीने पुढे आणि स्वल्पविरामाच्या कीने मागे जाता येतं. मूळ फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. नेटवरच्या काही प्रती ३० फ्रेमच्या असतात आणि त्यांत अधूनमधून आधीचीच फ्रेम पुन्हा येते. मोजताना ती धरली तर सगळा हिशेब चुकतो. वहीत दोनच गोष्टी लिहा : कुत्र्याचा चेहरा किती फ्रेम न हलता राहतो, आणि तेवढ्या वेळात पिल्लाच्या चेहऱ्यात काय बदलतं. दुसऱ्या रकान्यात फारसं काही लिहावं लागत नाही, हेच पाहायचं आहे.

सामान साधं आहे. ए-फोर कागद ७० किंवा ७५ जीएसएमचा घ्या. १०० जीएसएममधून लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या काचेच्या पेटीवर, खालची रेघ नीट दिसत नाही. कच्ची चित्रं, रद्द झालेली चित्रं धरून २५० कागद लागतात, म्हणून ५०० चं रीम घेतलेलं बरं. पेग बार, म्हणजे सगळे कागद एकाच जागी अडकवून ठेवणारी खुंट्यांची पट्टी, विकत घ्यायची गरज नाही. ऑफिसच्या पंच मशीनची भोकं ८ सेंटीमीटर अंतरावर आणि ६ मिलिमीटर व्यासाची असतात. त्याच अंतरावर दोन गोल लाकडी खुंट्या पट्टीवर घट्ट चिकटवा. खुंटी भोकात किंचित अडकतच बसली पाहिजे. सैल बसली तर कागद अर्धा मिलिमीटर हलतो आणि पडद्यावर कुत्रा विनाकारण थरथरत राहतो. कागद पंच करताना एका वेळी पाच-सहाच घ्या. गठ्ठा जाड झाला की खालची भोकं सरकतात.

आता एक्स्पोजर शीट, म्हणजे कोणती हालचाल किती फ्रेम चालणार याचा तक्ता. चित्र काढण्याआधी ही भरायची, आणि नेमका हाच भाग लोक टाळतात. वीस सेकंद म्हणजे ४८० फ्रेम :

पिल्लू चालत येतं आणि थांबतं : ६०
कुत्रा मागे दबतो : १२
भुंकतो : ४४
शांतता : ३६
पिल्लू पाठीवर चढतं : ६४
पाठ मळतं : १२८
गोल फिरून बसतं : ५६
कुत्र्याचा चेहरा बदलतो : ८
तसाच राहतो : ७२

प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे ‘टूज’वर काम करायचं, तरी २४० चित्रं होतात. पण चाल आणि मळणं आवर्तनात चालतात, म्हणजे तीच चित्रं पुन्हा पुन्हा येतात, आणि बराच वेळ कुत्रा स्थिर असतो. त्यामुळे प्रत्यक्षात ११० च्या आसपास चित्रांत भागतं. म्हणूनच पात्रावर रेघा कमी ठेवा. कुत्र्याच्या पायावर हौसेने काढलेली एक सुरकुती पुढे डझनावारी चित्रांत काढावी लागते.

आकारातला फरक भरपूर हवा. अख्खं पिल्लू कुत्र्याच्या डोक्याएवढं. पिल्लाचं डोकं त्याच्या एकूण उंचीच्या निम्मं, डोळे चेहऱ्याच्या मधल्या रेषेखाली. कुत्रा म्हणजे छातीचा मोठा चौकोन आणि त्याला लावलेले चार लहान पाय. पात्रं मात्र स्वतःची घ्या, मार्क अँथनीची नक्कल नको. ती वॉर्नरची मालमत्ता आहे आणि नक्कल लगेच ओळखू येते. म्हैस आणि तिच्या पाठीवरचा गायबगळा ही जोडीही याच शीटवर बसते, फक्त मळण्याच्या जागी टोचणं येईल.

चालीत एका पावलाला ८ फ्रेम द्या; १६ फ्रेमचं आवर्तन, ८ चित्रं. तीन आवर्तनं झाली की ४८ फ्रेम होतात, उरलेल्या १२ मध्ये थांबणं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाय घसरणं. चित्र दोन फ्रेमला एकदा बदलतं, पण सॉफ्टवेअर पिल्लाचा लेअर (त्याच्या चित्रांचा वेगळा थर) दर फ्रेमला पुढे ढकलतं आणि पिल्लू बर्फावरून चालल्यासारखं दिसतं. लेअरही दोन फ्रेमलाच सरकवा. जमिनीवरचा पंजा प्रत्येक चित्रात ६ मिलिमीटर मागे जात असेल, तर लेअर बरोबर ६ मिलिमीटर पुढे.

दबणं १२ फ्रेमचं आहे. त्यात सुरुवातीची चित्रं लांब लांब आणि शेवटची जवळ जवळ, म्हणजे स्प्रिंग दाबल्यासारखं वाटतं. त्यानंतर भुंकण्यापर्यंतची चारही चित्रं एकेका फ्रेमची. दबलेली आणि भुंकलेली पोझ यांच्या बरोबर मधोमध चित्र टाकू नका, झटका मरतो. उरलेल्या ४० फ्रेम कुत्रा भुंकलेल्या पोझमध्येच राहतो आणि तीन चित्रं उलटसुलट फिरवून थरथरतो. पिल्लाचे मात्र फक्त केस आणि मिशा मागे उडालेल्या. भुंकणं संपल्यावर ते केस सहा फ्रेम उशिरा जागेवर येऊ द्या.

मग ३६ फ्रेमची शांतता. पिल्लू एकदा डोळे मिटून उघडतं, बस. हा दीड सेकंद काढून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. जोन्स यांच्याच रोड रनर कार्टूनमधला कोयोटी कड्यावरून पडतो त्या गमतीबद्दल जोन्स यांनी स्वतःचा हिशेब लिहून ठेवला आहे : दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, आणि त्यानंतर १४ फ्रेमनी आपटणं. तेरा किंवा पंधरा फ्रेमवर ती गंमत जमत नसे. तुमच्या कुत्र्यासाठी आकडा वेगळा निघेल. ३०, ३६ आणि ४२ असं तिन्ही करून पाहा. शीटवरचा आकडाच बदलायचा आहे, नवं चित्र एकही लागत नाही.

मळणं हा या तुकड्याचा जीव. एका पंजाला ८ फ्रेम, दोन पंजांचं आवर्तन १६ फ्रेमचं, असं आठ वेळा. पंजा खाली जाताना बोटं फाकतात, वर येताना मिटतात. कुत्र्याच्या पाठीची रेघ वेगळ्या लेअरवर काढा आणि तिची चार चित्रं करा. ज्या बाजूला पंजा दाबला तिथे दोन-तीन मिलिमीटर खळगा, आणि त्याच्या पुढे कातडीची छोटी वळी. हा खळगा नसेल तर पिल्लू पाठीवर टेकतच नाही, अधांतरी पोहतं. खळगा पंजाच्या एक चित्र उशिरा भरून यावा. पंजा उचलताक्षणी पाठ सपाट झाली तर ती रबराची वाटते. या पाच सेकंदांत कुत्र्याचा चेहरा दगडासारखाच ठेवा. चौथ्या आवर्तनाला फक्त बुबुळं मागे वळतात. चेहरा इथेच वितळला तर शेवटच्या आठ फ्रेमना काही कामच उरत नाही.

त्या आठ फ्रेममध्ये चार चित्रं : आधी भुवया सैल, मग पापण्या अर्ध्या, मग कान खाली, सगळ्यात शेवटी ओठ. सगळं एकदम बदललं तर मुखवटा बदलल्यासारखं दिसतं. पुढचे ७२ फ्रेम पूर्ण गोठवू नका, नाहीतर व्हिडिओ अडकला असं बघणाऱ्याला वाटेल. कुत्र्याच्या श्वासाची चार चित्रं सावकाश वरखाली फिरवा. पिल्लू पाठीवर असल्यामुळे तेही तेवढंच वरखाली व्हायला हवं. हे विसरलं की दोघं वेगळे पडतात.

स्कॅनर असेल तर १५० डीपीआय पुरे. मोबाइलने टिपणार असाल तर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. खिडकीचा उजेड बंद करा. ढग आला की सगळी फिल्म लुकलुकते. जुळवणीसाठी क्रिटा किंवा ओपनटून्झ फुकट मिळतात. प्रोजेक्ट पहिल्यापासून २४ फ्रेमचा ठेवा आणि निर्यातही २४ लाच. १२ वर ठेवलात तर भुंकण्याची एकेका फ्रेमची चित्रं बसणारच नाहीत.

आवाज शेवटी, पण ताल आधीच ठरलेला आहे. आठ फ्रेमला एक ठोका म्हणजे मिनिटाला १८०. मेट्रोनोमवर (ताल देणाऱ्या यंत्रावर) १८० लावून पिझिकातोचे, म्हणजे व्हायोलिनच्या तारा बोटाने छेडून काढलेले, स्वर टाका, मळणं त्यावर आपोआप बसतं. शांततेच्या ३६ फ्रेममध्ये संगीत पूर्ण बंद. शेवटच्या ७२ मध्ये फक्त घुरघुर, आणि तीही कुत्र्याचे ओठ हलून झाल्यावर सुरू करा.