अॅमेझॉनला जाताना आधी नदीची पातळी पाहावी

ब्राझीलमधील मनाउस शहराच्या बंदरात धक्क्याच्या भिंतीवर दरवर्षीच्या महापुराच्या खुणा कोरून ठेवलेल्या आहेत. 2021 च्या जूनमध्ये रिओ नेग्रो या अॅमेझॉनच्या उपनदीचे पाणी येथे 30.02 मीटरच्या खुणेपर्यंत चढले होते आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तेच 12.70 मीटरपर्यंत खाली गेले. एरवीही पाणी चढलेल्या आणि ओसरलेल्या महिन्यांत सरासरी दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ तीन मजल्यांचा, फरक पडतो. त्यामुळे अॅमेझॉनच्या वर्षावनात काय पाहावे याआधी कधी जावे हे ठरवणे आवश्यक असते, कारण उत्तर महिन्यागणिक बदलते.

मे ते जुलै या काळात पाणी सर्वाधिक असते. तेव्हा नदी काठ ओलांडून जंगलात शिरते, खोडे पाण्याखाली जातात आणि लहान होडी थेट झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवत नेता येते. अशा बुडालेल्या जंगलाला काळ्या पाण्याच्या नद्यांवर ‘इगापो’ म्हणतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पाणी ओसरून पांढऱ्या वाळूचे किनारे उघडे पडतात, जंगलात पायी फिरता येते आणि उरलेल्या डोहांत मासे दाटल्यामुळे बगळ्यांची व मगरींची गर्दी होते. मात्र 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी या महिन्यांत इतका दुष्काळ पडला की अनेक गावांपर्यंत होड्या पोहोचेनात. पहिल्यांदाच जाणाऱ्याने जून किंवा जुलै निवडावा असे माझे मत आहे, कारण पायवाटा इतर जंगलांतही असतात, पण झाडांच्या फांद्यांमधून होडी नेण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

मनाउस हे वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे आणि तेथे दोन दिवस पुरेसे होतात. पहिला दिवस अर्थातच ‘तेआत्रो आमाझोनास’ या 1896 मध्ये उघडलेल्या नाट्यगृहासाठी ठेवावा. त्याच्या घुमटावर ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांतील सुमारे 36,000 कौले बसवलेली आहेत. जंगलाच्या मधोमध ऑपेरासाठी एवढा खर्च करणारा पैसा रबराच्या चिकातून आला होता. 1876 मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराच्या झाडाचे हजारो बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले, त्यातून आशियात मळे उभे राहिले आणि 1910 नंतर मनाउसची भरभराट पाहता पाहता ओसरली. एवढा इतिहास ठाऊक असला की ते झुंबरांचे दालन नुसते देखणे न वाटता थोडे उदासही वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटे शहराच्या उत्तरेकडील डुके अभयारण्यातील ‘मुसा’ संग्रहालयाचा 42 मीटर उंच मनोरा चढावा. पहाटेच्या प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, पण धुके विरत असताना खाली पसरलेले जंगल पाहिल्यावर लवकर उठल्याची तक्रार कोणी करत नाही.

शहराजवळच रिओ नेग्रो आणि सोलिमोइस या नद्यांचा संगम आहे. कुजलेल्या पाल्यामुळे कोऱ्या चहासारखे दिसणारे एकीचे पाणी आणि अँडीज पर्वतातील गाळ वाहून आणणारे दुसरीचे मातकट पाणी सुमारे सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी वाहते. नेग्रोचे पाणी उबदार आणि संथ, तर सोलिमोइसचे थंड, जड आणि वेगवान आहे. होडीतून सीमेवर हात बुडवला की तापमानातला फरक बोटांना जाणवतो.

त्यानंतरचे किमान तीन दिवस नदीकाठच्या निवासासाठी राखून ठेवावेत. 2011 मध्ये खुल्या झालेल्या पुलावरून नेग्रो ओलांडून मोटारीने नोव्हो आयराँव या गावी जाता येते आणि तेथून आनाव्हिल्यानस राष्ट्रीय उद्यानातील सुमारे चारशे बेटांमध्ये होडीने फिरता येते. नेग्रोच्या आम्लयुक्त, पोषणद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात डासांची पैदास फारशी होत नाही, हे निवास निवडताना ध्यानात घ्यावे. जॅग्वार दिसेल या आशेने मात्र जाऊ नये, कारण घनदाट वर्षावनात मोठे प्राणी क्वचितच दृष्टीस पडतात. गुलाबी डॉल्फिन, स्लॉथ, माकडे आणि टूकान पक्षी हे पदरात पडण्याजोगे आहेत. छायाचित्रासाठी पकडलेला स्लॉथ किंवा अजगर हातात देणारा वाटाड्या भेटल्यास सरळ नकार द्यावा, कारण तो प्राणी तासन्तास अशा हातांतून फिरत असतो.

आदिवासींच्या राखीव भूमीत जाण्यासाठी ‘फुनाई’ या सरकारी संस्थेची परवानगी लागते, त्यामुळे ‘अस्पर्श जमात’ दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. मनाउसजवळ नेग्रोच्या वरच्या भागातून आलेली काही कुटुंबे स्वतःहून पाहुण्यांना नृत्य दाखवतात. तो प्रयोग आहे हे मान्य करून गेले तर फसवणूक वाटत नाही, आणि त्यांच्याकडूनच विणलेल्या टोपल्या घेतल्या तर पैसा थेट त्यांच्या हाती पडतो. संस्कृती खरी कळते ती जेवणात. ज्या कंदापासून साबुदाणा तयार होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि येथे त्याच्या विषारी रसाला दीर्घकाळ उकळून ‘तुकुपी’ करतात. त्यात कोळंबी आणि जांबूची पाने घालून केलेले ‘ताकाका’ संध्याकाळी रस्त्यावर गरमागरम मिळते. जांबू अक्कलकाऱ्यासारखी जिभेला मुंग्या आणते, तेव्हा घाबरू नये.

जूनचा शेवटचा आठवडा हाती असेल तर परिन्तिन्स या बेटावरील गावातला बोई-बुम्बा उत्सव चुकवू नये. गरोदर पत्नीचे डोहाळे पुरवण्यासाठी मालकाचा लाडका बैल मारणारा चाकर आणि पुन्हा जिवंत होणारा तो बैल, या लोककथेवर लाल ‘गारान्तिदो’ आणि निळा ‘काप्रिशोसो’ हे दोन पक्ष तीन रात्री स्पर्धा करतात. प्रतिस्पर्ध्याच्या वेळी आपल्या बाजूच्या प्रेक्षकांनी आवाज केला तर गुण जातात, त्यामुळे अर्धे प्रेक्षागार दणाणत असताना उरलेले अर्धे गप्प बसलेले दिसते. गावातल्या खोल्या फार आधी भरतात, म्हणून मनाउसहून जाणाऱ्या बोटीवर स्वतःची झोपण्याची झोळी टांगून तिच्यातच मुक्काम करणे सोयीचे ठरते. झोळी आणि तिच्या दोऱ्या मनाउसच्या बाजारात घ्याव्यात आणि बोट सुटण्याच्या काही तास आधी चढून यंत्रकक्षापासून व स्वच्छतागृहापासून दूरची जागा धरावी.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. ब्राझीलहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून ते पासपोर्टसोबतच ठेवावे. हिवतापाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे आणि त्यांना शहराचे नाव न सांगता नदीकाठच्या मुक्कामांची नावे सांगावीत, कारण धोका तेथे अधिक असतो.