खाऱ्या हवेतली स्पोर्ट बाईक: घरच्या घरी पार्ट बदलताना

गोव्यात बाईकवर नवा पार्ट चढवणं सोपं, दोन पावसाळ्यांनंतर तोच उतरवणं कठीण. हरमल-मोरजीच्या पट्ट्यात किंवा वास्कोत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर आठ महिने खारं वारं आणि चार महिने पाऊस. डिचोली-साखळीकडे त्यात तांबड्या धुळीची भर. म्हणून इथे पार्ट घेताना तो दिसतो कसा यापेक्षा कोणत्या बोल्टने कुठे धरला जातो, हे आधी बघायचं.

बोल्टांपासूनच सुरुवात करू. किटसोबत येणारे लाल-सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) आणि व्हायसर (पुढची काच) यांपुरते ठीक. ब्रेक कॅलिपर, इंजिन माउंट, हँडल, फूटरेस्ट इथे ते लावू नयेत. स्टेनलेस गंजत नाही म्हणून सगळीकडे तेच लावायचा मोहही आवरा. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताकद ७०० मेगापास्कल, ८.८ छापाच्या पोलादी बोल्टची ८००, तर १०.९ वाल्याची हजारावर. जिथे कंपनीने १०.९ दिलाय तिथे स्टेनलेस म्हणजे गाडी कमकुवत करणं. फेअरिंग, नंबर प्लेट, आरसे अशा हलक्या कामाला स्टेनलेस घ्यायचंच तर ट्रॉलरवर वापरतात ते ३१६ दर्जाचं घ्या. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ३०४ पेक्षा ते मिठाला जास्त टिकतं.

स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत गेला आणि मधे खारट ओल शिरली की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली तर तेच चाललंय असं समजा. अशा जागी आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ थर द्या. मात्र पेस्टमुळे बोल्ट सहज फिरतो, त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क साधारण पाचव्या हिश्शाने कमी ठेवा. कंपनीने जिथे निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलाय तिथे पेस्ट नको, साफ करून पुन्हा थ्रेडलॉकरच.

अवजारांत टॉर्क पाना सोडून बाकी सगळं उसनं चालेल. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा एक छोटा आणि २० ते १०० चा एक मोठा, असे दोन लागतात. घरी काम करणाऱ्यांच्या हातून आटे जातात ते बहुतेक लहान बोल्टांचेच, कारण मोठ्या पान्याने एम६ (६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट) आवळताना हाताला अंदाज येत नाही. पोलादी एम६ ला साधारण १०, एम८ ला २२ ते २५, प्लास्टिकमधल्या एम५ ला ३-४ न्यूटन-मीटर बास. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळा. शिवाय पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा), टी-हँडलच्या अ‍ॅलन की आणि प्रत्येक पार्टच्या बोल्टांना वेगळी प्लास्टिकची पिशवी. काम अंगणात नको, पक्क्या फरशीवर करा. तांबड्या मातीत पडलेला वॉशर पुन्हा मिळत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लिव्हर, स्लायडर (गाडी पडली तर आधी जमिनीला टेकणारे, फेअरिंग वाचवणारे गोळे) यांवरून सहसा कोणी थांबवत नाही. सायलेन्सर, नंबर प्लेट आणि इंडिकेटर लांबून दिसतात. विमा कंपनीलाही बदल कळवून ठेवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

फ्रेम स्लायडर

पहिला खर्च यावर करावा, कारण उभी गाडी आडवी झाली तरी फेअरिंगची किंमत स्लायडरच्या कित्येक पट असते. स्लायडर बहुधा इंजिन माउंटच्या बोल्टच्या जागी बसतो. इंजिनखाली लाकडी फळी आणि जॅक लावून वजन नुसतं पेला, उचलू नका. एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्ही बोल्ट एकदम काढले की इंजिन दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं आणि नवा बोल्ट तिरका शिरून आटे खातो. बोल्ट हाताने सहज फिरेपर्यंत जॅक थोडा वर-खाली करा, पान्याची जबरदस्ती नको. किटमधल्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ छापलेलं नसेल तर तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच आट्यांचा बोल्ट वेगळा विकत घ्या. फेअरिंगच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटर आलेला स्लायडर पुरे. लांब स्लायडर पडताना तरफेसारखा वळतो आणि माउंटच तडकवतो.

फेअरिंगला भोक पाडावं लागत असेल तर आधी मास्किंग टेप, मग ३ मिलिमीटरचं भोक, मग होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत). पहिले काही फेरे ड्रिल उलटं चालवा म्हणजे प्लास्टिकचे टवके उडत नाहीत. स्लायडरभोवती ५ मिलिमीटर तरी मोकळं राहू द्या.

लिव्हर

क्लच लिव्हर दहा मिनिटांचं काम: केबल सैल करा, पिव्हटचा बोल्ट काढा, नव्या लिव्हरच्या पिव्हटला ग्रीस लावा, बसवा, टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. ब्रेकच्या लिव्हरचं तसं नाही. स्वस्त लिव्हरची पिस्टनवर टेकणारी जीभ कधी कधी अर्धा मिलिमीटर लांब असते. हात न लावताही ती पिस्टन किंचित आत दाबून ठेवते. मग मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र उघडत नाही. ब्रेक वापरून ऑइल तापलं, फुगलं, की त्याला मागे जायला वाट नसते. चाक हळूहळू जाम होतं, म्हापसा-पणजी रस्त्यावर दहा मिनिटांत. लिव्हर बसवल्यावर ती पिस्टनला टेकण्याआधी थोडी मोकळी हलते का, हे बोटाने तपासा. मग पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, सोडा. चाक लगेच मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विच लागतो आणि सुटतो का, तेही बघा.

स्टीलच्या ब्रेक लाइन

रबरी नळी दाबाने फुगते, स्टीलची जाळी असलेली फुगत नाही, त्यामुळे लिव्हर घट्ट लागतो. पण काम बिघडलं तर ब्रेकच जातात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

एका जोडाला दोन तांब्याचे वॉशर, बॅन्जोच्या (नळीच्या टोकाचं कडं, ज्यातून बोल्ट जातो) दोन्ही बाजूंना एकेक. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर पुढच्या ब्रेकला एकच नळी, म्हणजे चार वॉशर. एबीएस असेल तर मास्टर सिलिंडर ते मॉड्युलेटर (एबीएसचा पंप असलेला ठोकळा) आणि मॉड्युलेटर ते कॅलिपर अशा दोन नळ्या, आठ वॉशर. जुने वॉशर एकदा चेपले की पुन्हा नीट बसत नाहीत. बॅन्जो बोल्टच्या आट्यांची जाडी (पिच) जुन्या बोल्टशी जुळवूनच घ्या. एम१० मध्ये १.० आणि १.२५ असे दोन प्रकार येतात, दोन्ही दीड-दोन फेरे आत जातात, मग चुकीचा अडकतो.

टाकी आणि फेअरिंगवर ओलं फडकं पसरा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसण्याआधी भरपूर पाणी ओता. ऑइल डॉट ४, नवी सीलबंद २५० मिलीची बाटली. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. इथल्या जुलैच्या हवेत उघडी राहिलेली बाटली किती कोरडी असेल, ते वेगळं सांगायला नको. अर्धी उरलेली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

नळी लावताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि पुढचं चाक अधांतरी ठेवून बघा: कुठे ताण येतो का, जाळी रंगावर किंवा फेअरिंगवर घासते का. ही जाळी कानशीसारखी काम करते, घासेल तिथे महिन्याभरात धातूपर्यंत पोचते. मग बॅन्जो २५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

ब्लीडिंगला (नळीतली हवा काढायला) कॅलिपरच्या निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. लिव्हर दाबा, दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम उलटला की हवा आत ओढली जाते. दर पाच-सहा वेळा वरच्या डबीत ऑइल बघा; डबी एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू. शेवटी लिव्हर पट्ट्याने हँडलला आवळून रात्रभर ठेवा, उरलेले बारीक बुडबुडे वर येतात. सकाळी प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघा. ओला झाला तर गाडी हलवू नका.

एबीएसच्या गाडीत एका वेळी एकच नळी बदला आणि उघडं राहिलेलं तोंड लगेच रबरी बुचाने बंद करा. मॉड्युलेटरमध्ये हवा गेली की ती हाताने निघेलच असं नाही, बऱ्याचदा सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरने पंप चालवून काढावी लागते. ही भीती वाटत असेल तर या एका कामाला मेकॅनिकच गाठावा.

इंडिकेटर आणि मागचं मडगार्ड

जुन्या इंडिकेटरचा बल्ब बहुधा १० वॅटचा, एलईडी एक-दोन वॅटचा. फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला) वाटतं बल्ब गेला, आणि तो दुप्पट वेगाने टिकटिकतो. बाजारात यावर रेझिस्टर देतात. तो तितकीच वीज फुकट जाळतो आणि प्लास्टिक वितळण्याइतका तापतो. एलईडीचा फ्लॅशर रिले घ्या, पिना जुळवून जुन्याच्या जागी लावा. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असेल तर चारही इंडिकेटर एकदम मिणमिणतील, कारण वीज त्या दिव्यातून दुसऱ्या बाजूला जाते. दोन १एन४००७ डायोड घ्या. डावी-उजवी वायर एकेका डायोडच्या बिनपट्टीच्या टोकाला, पट्टीची दोन्ही टोकं जोडून दिव्याच्या एका पिनेला, दुसरी पीन अर्थला.

वायर पिळून टेप गुंडाळणं इथे एका पावसाळ्यापुरतं. टेपखाली तांब्याला हिरवा गंज चढतो आणि इंडिकेटर नेमका पावसातच बंद पडतो. क्रिम्प करा (जोड दाबून बसवा), वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा.

मडगार्ड कापून टेल टायडी (नंबर प्लेट धरणारी आखूड पट्टी) लावायची फॅशन गोव्याला मानवत नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण नियमाने लागतंच, आणि ते नसेल तर तांबडा चिखल मागे बसलेल्याच्या मानेपर्यंत आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या सांध्यांत जातो. पिवळ्या-काळ्या पायलटांच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या) गाड्यांना मडगार्ड कापलेलं सहसा दिसत नाही. लावायचीच तर चाकाजवळचा हगर (चाकालगतचं छोटं मडगार्ड), नंबर प्लेटचा दिवा आणि रिफ्लेक्टर असलेली घ्या. हाय सिक्युरिटी प्लेटचे लॉक काढताना तुटतात, ते पुन्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच बसवून घ्यावे लागतात.

स्प्रॉकेट

चोर्ला किंवा अनमोड घाटात वरचेवर जाणाऱ्यांना पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी केलेलं आवडतं. १४ आणि ४८ ची जोडी असेल तर गुणोत्तर ३.४३ चं, १३ लावल्यावर ३.६९. खेच वाढते, पण त्याच वेगाला इंजिन पावणेआठ टक्के जास्त फिरतं आणि चेन लहान गोलाईत वळल्याने लवकर झिजते. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर वेगही तेवढाच जास्त दिसतो. पुढचा नट चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करा. चेन काढल्यावर तो स्प्रॉकेट घेऊनच फिरतो.

सायलेन्सर

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नुसत्या स्लिप-ऑनने (फक्त सायलेन्सरचा मागचा डबा बदलून) ताकद वाढल्याचं जाणवत नाही, आवाज तेवढा वाढतो. आवाजाच्या मर्यादेचा भंग पहिल्यांदाच झाला तरी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स बाद. मूळ सायलेन्सर गंजला म्हणून बदलत असाल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत ठेवा, गॅस्केट नवं घ्या, आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी नळीवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा. तापल्यावर ते कायमचे भाजले जातात.

सगळं झाल्यावर २०० किलोमीटरला प्रत्येक नवा बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. काढलेले मूळ पार्ट विकू नका. तेलाचा हात फिरवून, बोल्टांच्या पिशव्या त्यांनाच बांधून माळ्यावर ठेवा, आणि सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांत कापडाचे बोळे घाला, नाहीतर गणेश चवथीपर्यंत आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं.